साबुदाण्याचं वैर

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "एकलीच ऱ्हाशी का?" आणि दुसरा, "मच्छी-मटन खास का?" पहिल्याला मी हो म्हटलं. दुसऱ्याला म्हटलं, "घरी गेल्यावर खाते." ते उत्तर तिला पुरलं आणि मलाही. घरी म्हणजे नेमकं कुठल्या घरी, हे दोघींनीही उकरलं नाही.

शहाद्यात मी एका शाळेत इतिहास शिकवते. माझं गाव खांडबाऱ्याच्या पुढे डोंगरात आहे. घरी आम्ही कोकणी बोलतो, म्हणजे समुद्राकाठची नव्हे, आमच्या डोंगरातली. रविवारी चर्चला जातो, पावसाळ्यात भात लावतो. मराठी मी शाळेत शिकले आणि अहिराणी या घरमालकिणीच्या शिव्यांमधून. गल्लीत लहानथोर सगळे तिला जिजी म्हणत. साठी ओलांडलेली विधवा, माहेर म्हसावदचं, एकुलता मुलगा पुण्याला इंजिनीयर. खाली ती एकटी, वर मी एकटी. तोंडावर मी तिला नेहमी "तुम्ही" म्हटलं. इथे लिहिताना "ती" म्हणणार आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे.

आमचं पहिल्या महिन्यापासूनच बिनसलं. गच्ची तिची, म्हणून मिरची तिची, आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी त्या मिरचीच्या डोक्यावर. वाळलेली साडी अंगाला लावली की मान चुरचुरायची आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून मी खोकत बसायचे. दोरी हलवा म्हटलं तर ती म्हणाली, दोरी तिच्या नवऱ्यानं बांधलेली आहे. मिरची हलवा म्हटलं तर म्हणाली, ऊन तिथेच पडतं. मग मी माझे कपडे मुद्दाम ओले, नीट न पिळता टाकायला लागले. पाणी मिरचीवर ठिबकायचं. ती खालून ओरडायची. असं आमचं चाललं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी चर्चहून येताना माझ्या मावसबहिणीनं सुक्या मासळीची पुडी हातात दिली. मी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि तव्यावर चार तुकडे भाजले. सुक्या मासळीला खिडकीचं काय! ती फटीतून जाते. थोड्याच वेळात जिन्याखालून आवाज आला, "वरथीन वास ई ऱ्हायना!" मी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं. वरची टाकी खालच्या मोटरीनं भरायची आणि मोटरीचं बटण तिच्या स्वयंपाकघरात. मी खाली गेले. ती देवापुढे बसली होती. मान न वळवता म्हणाली, "मोटर बिघडी गयी." अंगणात तिचा स्वतःचा नळ धो धो वाहत होता. मी एक बादली तिथून भरून वर नेली, त्यातच आंघोळ, त्यातच चहा. शाळेतून परत आले तरी मोटर बिघडलेलीच होती.

संध्याकाळी ती स्वतः वर आली. हातात वाटी, वाटीवर ताटली. दाराच्या आत पाऊल टाकलं नाही, ताटली काढून उंबऱ्याबाहेरून वाटी पुढे केली.

"हाई ले. उपासनी खिचडी शे. श्रावणी सोमवारले तरी तोंड पवित्र कर."

मी दिवसभर घामात होते. घशात मिरची होती. तरी मी वाटी घेतली असती, पण ती पुढे म्हणाली, "तुम्हना डोंगरमा काय ठावं ऱ्हाई. आम्हना ऋषीमुनी हाईच खायेत."

ती वाटी मला अजून दिसते. साबुदाण्याचे टपोरे, सुटे मोती, शेंगदाण्याचं भरड कूट, बटाट्याच्या बारीक फोडी, हिरव्या मिरचीचे तुकडे, वर जिरं. खिचडी ती उत्तम करायची, हे मला नाकारता येणार नाही.

"जिजी," मी म्हटलं, "तुमच्या ऋषींनी यातलं जिरं आणि तूप खाल्लं असेल. बाकी काही नाही."

"म्हंजे?"

"साबुदाणा एका कंदाच्या चिकापासून करतात. तो कंद समुद्रापलीकडचा, ब्राझीलकडचा. पोर्तुगीज जहाजांतून इकडे आला. आता तामिळनाडूकडच्या कारखान्यांत त्याच्या गोळ्या करतात. झाडाला लागत नाहीत हे मोती."

"आनि आलू? आलू काय जहाजमा उना?"

"जहाजातूनच. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा."

ती हसली. "शेंगा मन्हा बापना वावरमा पिकेत. मी सोता उपट्यात."

"तुमच्या वडिलांच्या वावरात पिकल्या. पण त्यांच्या खापरपणजोबाच्याही मागच्या कुणी शेंग पाहिली नव्हती. तीही तिकडचीच."

"आनि मिरची?" आता तिचा आवाज चढला. गच्चीकडे हात करून म्हणाली, "नंदुरबारनी मिरची बाहेरनी? पोरेसले हाईच शिकाडस का तू?"

"हेच शिकवते. आधी इथे मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. मिरचीचं नावही तिचं स्वतःचं नाही, मिऱ्यावरून पडलंय."

तिनं वाटी मागे घेतली, ताटली वर ठेवली आणि जिना उतरून गेली. मला इतका आनंद झाला की मी दार लावून एकटीच हसले. पाणी नव्हतं तरी हसले.

मला वाटलं, ती मला खोटारडी ठरवेल आणि विषय संपेल. तिनं तसं केलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण ती बाई कसलीही गोष्ट अर्धी सोडत नव्हती. भांडणही नाही आणि धर्मही नाही. ती दोन्ही एकादश्या करायची, सोमवार करायची, नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल घालायची नाही. तिच्या भक्तीत देखावा असता तर तिचा राग करणं मला सोपं गेलं असतं. पण पहाटे, गल्लीत कुणी उठलेलं नसताना, ती एकटी गात असायची. ते मला वर ऐकू यायचं.

तिनं मुलाला फोन लावला. फोन ती नेहमी स्पीकरवर, अंगणात उभं राहून करायची.

"बापू, साबुदाना बाहेरना शे का रे?"

पलीकडून मुलाचं हसणं. "कुणी सांगितलं तुला?"

"वरनी मास्तरीण म्हनस."

"बरोबर सांगितलंय तिनं. बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळंच बाहेरचं आहे आई. मजा आहे की नाही?"

तिला मजा वाटली नाही. "तू हासू नको," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढच्या एकादशीला खालून खिचडीचा वास आला नाही. दुपारी ती वर आली. या वेळी हात रिकामे होते.

"राजगिरा?" तिनं विचारलं.

मी वह्या तपासत होते. खोटं बोलता आलं असतं. "माठाची भाजी इथली," मी म्हटलं, "राजगिऱ्याचा दाणा तिकडचा."

"रताळं?"

"तेही."

"पपई?"

"तीही. पेरू, सीताफळ, चिकू, सगळी तिकडचीच."

सीताफळाचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "सीताना नाव शे तेले!"

"नाव आपण दिलंय."

"तुन्ही जीभ झडो," ती म्हणाली. पण गेली नाही. कठड्याला धरून उभी राहिली. शेवटी म्हणाली, "मंग खावानं काय? वारा?"

मी सांगितलं. भगर, शिंगाडा, सुरण, काकडी, केळं, दूध, दही, नारळ. तिखटाला मिरी. ती मनात घोळवत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. जाताजाता तिसऱ्या पायरीवर थांबली आणि मान न वळवता तिनं तो प्रश्न विचारला, जो मी स्वतःहून कधीच काढला नसता.

"आनि चहा?"

उपासाच्या दिवशी ती दिवसभर चहावर असायची. मला ते माहीत होतं. मी म्हटलं, "आसामच्या जंगलात झाड होतं. पण आपल्याला प्यायला लावलं ते इंग्रजांच्या कंपन्यांनी. बाजारात, स्टेशनावर फुकट कप वाटून सवय लावली."

ती उतरली. त्या दिवसापासून तिनं उपासाला चहा सोडला.

लोक सांगतात की सत्य कळलं की माणूस मोकळा होतो. जिजी मोकळी झाली नाही, तापट झाली. एकादशीला डोकं दुखायचं म्हणून फडकं आवळून बांधायची आणि समोर येईल त्याच्यावर खेकसायची. दूधवाल्यावर, मांजरावर, शेजारणीच्या नातवावर. भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी नाही, मिरची नाही. मिरपूड घातलेलं पांढरं दह्याचं पाणी ओतून ती भगर गिळायची. मी जिन्यावरून जाताना ताट दिसेल असं सरकवायची. "दख," म्हणायची, "दख, तू मन्हा उपास कसा करी ठेवा."

मला कीव आली नाही. माझ्या नळाला अजूनही दिवसाआड पाणी येत होतं.

एकदा मात्र तिनं मला पेचात पकडलं. रविवार होता. मी चर्चला निघाले होते. ती अंगणात सडा टाकत होती. म्हणाली, "तुम्हनं चर्च बी बाहेरनंच शे ना?"

मी तयारच होते. "माझ्या आजोबांनी आमच्याच नाल्यातले दगड डोक्यावर वाहून बांधलंय. आमची तिथे लग्नं लागतात, आमची माणसं तिथे पुरलीत. ते आमचं आहे."

तिनं सड्याचं भांडं खाली ठेवलं. "मंग मन्हा साबुदाना कसा बाहेरना? मन्ही माय करे, तिन्ही माय करे. मन्हाच चुल्हावर."

तिचं बरोबर होतं आणि एवढं एक वाक्य मी कबूल केलं असतं तर त्या बाईला तिची खिचडी परत मिळाली असती. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण समोर तिचा चेहरा होता, मान चुरचुरत होती, आणि तिच्या नळाला धार होती.

"ऋषींचं तुम्ही काढलंत," मी म्हटलं. "आईच्या चुलीचं काढलं असतंत तर मी काहीच बोलले नसते."

ती यावर खरोखर विचार करताना दिसली. मग मान हलवून पुन्हा सडा टाकायला लागली. काही शिंतोडे माझ्या साडीवर आले. चुकून आले असं मला वाटत नाही.

तिच्या घरी एकादशीला भजनी मंडळ जमायचं. गल्लीतल्या आणि मागच्या कॉलनीतल्या बायका, टाळ, एक पेटी, आणि शेवटी जिजीच्या हातची खिचडी. काही बायका भजनापेक्षा खिचडीसाठीच येतात, असं ती स्वतःच म्हणायची आणि त्यात तिला अभिमान होता. कार्तिकातल्या एकादशीला तिनं सगळ्यांच्या पानात भगर वाढली. शेंगदाणा नाही, मिरची नाही. दुधी भोपळ्याची मिरपुडीतली भाजी, काकडी, नारळाचा तुकडा. चहा नाहीच.

मी वर होते. आधी कुजबुज ऐकू आली, मग एकीचा आवाज. मग जिजीनं सगळं सांगितलं. तिनं ते सांगितलं कसं, तर मी वर्गात सांगते त्याहून नीट. कंद, चीक, जहाज, मिरी, सीताफळ. कुणी हसलं. कुणी म्हणालं, आता काय देवळातला नारळही धुवून घ्यायचा का? आणि मग पेटी वाजवणारी बाई, जिचा आवाज मंडळात सगळ्यांत मोठा होता, ती म्हणाली, "हे डोक्यात घातलं कोणी? वरच्या ख्रिस्तीणबाईनं ना?"

जिना वाजायला लागला. मी दाराला कडी घातली आणि पुन्हा काढली. बंद दारामागे सापडणं मला बरं वाटेना. चार-पाच जणी वर आल्या. यांतल्या दोघींच्या मुली माझ्याच वर्गात होत्या आणि एरवी त्या दोघी मला "मॅडम" म्हणून वाकायच्या.

"तुम्ही आमच्या जिजीला काय काय शिकवताय?" पेटीवाली म्हणाली.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"आज साबुदाणा सोडायला लावलात, उद्या देव सोडायला लावाल. आम्हाला कळत नाही का? असंच करता तुम्ही लोक. घर खाली करा. नाही केलं तर शाळेत येऊन सांगू."

शाळेत तक्रार गेली तर काय होईल, हे मला चांगलं माहीत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायकांच्या मागून जिजी वर आली. धाप लागलेली, कपाळाला फडकं बांधलेलं. तिनं कोपरानं दोघींना बाजूला सारलं आणि माझ्या उंबऱ्याकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माले कोनीच बाटाडेल नही," ती म्हणाली. "हाई पोरगी मन्ही दुश्मन शे. मन्ही मिरची भिजाडस, श्रावनमा मच्छी भुंजस. पन ती खोटं बोलनी नही. मी बापूले बी इचारं. तुम्हनामातली कोनी सांगा, कोनता पुरानमा साबुदाना लिखेल शे? सांगा. आत्तेच कढई ठेवस."

एकजण म्हणाली, "पण आपल्यात पहिल्यापासून चालतं."

"पहिल्यापासून म्हंजे कवयपासून?" जिजीनं विचारलं. हा प्रश्न माझा होता, मी वर्गात विचारते तो. तिनं तो कधी उचलला मला कळलं नव्हतं.

"आनि शाळेमा कोनी गयं," ती पुढे म्हणाली, "तर मी बी जासू. खरं काय ते मी सांगसू. आते उतरा खाले. जिना मन्हा शे."

त्या उतरल्या. पेटीवाली शेवटी उतरली आणि उतरताना म्हणाली की पुढच्या वेळेपासून भजन तिच्या घरी. खाली चपला पायात सरकवल्याचे आवाज आले, फाटक वाजलं. पानांत वाढलेली भगर तशीच असणार.

मी म्हटलं, "जिजी, बसा जरा. पाणी देते."

ती वळली. डोळे लाल होते. "तुन्हं पानी नको माले," ती म्हणाली. "आनि तू बी घर दखी ले. तेस्ना सांगावर नही, मन्हा सांगावर. माले तू नको."

मी महिनाअखेर खोली सोडली. निघायच्या दिवशी ती वर आली, भिंतींतली खिळ्यांची भोकं पाहिली, नळ फिरवून बघितले, खिडकीची काच वाजवून बघितली. टेम्पोवाला खाली भोंगा वाजवत होता. मी अजून शेवटची पिशवी उचलत होते तोवर तिनं स्वयंपाकघरात गोमूत्र शिंपडायला सुरुवात केली. माझ्यासमोर, माझ्या पायाशी. मी बाहेर पडेपर्यंतसुद्धा तिला धीर नव्हता. मी पिशवी मुद्दाम फरफटत नेली, म्हणजे पायऱ्यांवर ओरखडे उठतील.

आता मी स्टँडच्या मागे राहते. इथे घरमालक सुरतेला असतो आणि मी काय शिजवते त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शाळेत कुणी तक्रार केली नाही. जिजीला त्या बायका भ्यायल्या की विसरल्या, मला ठाऊक नाही. वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून कळलं की भजन आता पेटीवालीकडे असतं आणि तिथे पुन्हा साबुदाण्याची खिचडी होते. जिजी तिथे जाते. सगळी भजनं म्हणते. वाढायला घेतलं की टाळ पिशवीत घालून उठते आणि घरी येऊन भगर खाते. त्या आईनं असंही सांगितलं की उपासांनी ती फार खंगली आहे, आता काही खरं नाही तिचं.

हे ऐकून मला कसंतरी झालं, हे मी लपवत नाही. तिच्या पायरीवर जाऊन "तुमचं बरोबर होतं, चुलीचं बरोबर होतं" असं सांगावं, असं दोनदा मनात आलं. एकदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. तिथून तिची गच्ची दिसते. माझी दोरी काढून टाकलेली होती आणि त्या जागीही मिरची पसरली होती. मी परत फिरले.

गेल्या आठवड्याच्या बाजारात ती अचानक समोर आली. भाजीच्या दोन पाट्यांमधली वाट एका माणसापुरती होती. एकीला सरकावं लागणार होतं. मी सरकले नाही. तीही सरकली नाही. मागून हातगाडीवाला ओरडायला लागला, बायका वळून बघायला लागल्या. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पदर खोचला आणि बरगडीत कोपर मारून मला वांग्याच्या पाटीवर ढकलत पुढे निघून गेली. भाजीवाली माझ्यावरच ओरडली.

घरी येऊन पाहिलं तर बरगडी काळीनिळी झाली होती. त्या मुलीच्या आईला काही कळत नाही. जिजी मुळीच खंगलेली नाही.